अकाली हिमवितळ, पूर आणि जमिनीतील किडी : पाणी ओसरल्यानंतर काय पाहावे?

पूर ओसरला की शेतकरी कीटकशास्त्रज्ञाला हमखास एक प्रश्न विचारतात : "एवढे पाणी शेतावरून गेले, निदान जमिनीतील किडी तरी मेल्या असतील ना?" प्रश्नामागील आशा समजण्याजोगी आहे. इतके नुकसान सोसल्यावर एखादा लाभ पदरी पडावा, असे कोणालाही वाटते. मात्र या आशेवर विसंबून पुढील हंगामाचे नियोजन केल्यास पुराने दिलेल्या फटक्यात दुसऱ्या फटक्याची भर पडू शकते. विशेषतः हिवाळ्याच्या अखेरीस हिम अचानक वितळून येणाऱ्या पुराच्या बाबतीत ही आशा बहुतांशी फोल ठरते. असे का घडते, हे प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे मांडले आहे. घटना अमेरिकेतील असली तरी तिच्यामागील निसर्गनियम आपल्या हिमालयीन राज्यांना लागू पडतात आणि तेथे उपद्रव देणारी एक कीड आपल्या गंगेच्या खोऱ्यातही आहे.

नायब्रॅरा : नदीसाठी दोनदा स्थलांतरित झालेले गाव

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, नायब्रॅरा नदी मिसुरी नदीस मिळते त्या ठिकाणी नदीच्याच नावाचे एक छोटे गाव आहे. त्याची लोकसंख्या चारशेहूनही कमी आहे. १८८१ च्या वसंतारंभी बर्फासह आलेल्या मोठ्या पुरानंतर हे गाव उंच जागी हलविण्यात आले. पुढे मिसुरीवरील धरणामुळे भूजलाची पातळी वर आल्याने १९७० च्या दशकात ते पुन्हा एकदा हलवावे लागले. तरीही २०१९ मध्ये नदीकाठच्या भागाची सुटका झाली नाही.

त्या वर्षी १३ व १४ मार्च रोजी एक अतिशय तीव्र वादळ मध्य अमेरिकेवरून गेले. राज्याच्या पश्चिम भागात त्याने हिमवादळ आणले, तर पूर्व भागात उबदार वारा आणि पाऊस आणला. नायब्रॅरा नदीवरील बर्फ फुटून त्याच्या अजस्र लाद्या पाण्याबरोबर वाहू लागल्या. १४ मार्चच्या पहाटे या पाण्याच्या व बर्फाच्या माऱ्याने वरच्या अंगाचे स्पेन्सर धरण फुटले. हे धरण १९२७ मधील असून ते जलविद्युत निर्मितीसाठी बांधलेले होते. धरणाखाली राहणाऱ्या एका व्यक्तीचा बळी गेला आणि महामार्गावरील पूल वाहून गेला. खाली नायब्रॅरा गावाच्या सखल भागातील इमारतींवर मोटारगाडीएवढ्या बर्फाच्या लाद्या येऊन आदळल्या. गावाच्या पश्चिमेकडील पूलही नष्ट झाला. याच वादळाने प्लॅट व एल्कहॉर्न या नद्यांनाही महापूर आला आणि फ्रेमाँट या शहराचे सर्व मार्ग बंद होऊन त्याचे काही दिवस बेट झाले.

राज्य शासनाच्या प्राथमिक अंदाजानुसार पशुधनाचे सुमारे ४० कोटी डॉलर आणि पिकांचे सुमारे ४४ कोटी डॉलर इतके नुकसान झाले. तो गायींच्या विण्याचा हंगाम होता. थंडी, चिखल आणि पाणी यांत नवजात वासरे मोठ्या संख्येने दगावली.

पुरामागील चार कारणे

"तापमान वाढले, बर्फ वितळले आणि पूर आला" एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही. दर वर्षी तापमान वाढते, दर वर्षी हिम वितळते, पण दर वर्षी पूर येत नाही. असा पूर येण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे हिमाच्या रूपाने साठलेले पाणी. ताजे, भुरभुरीत हिम १० सेंटिमीटर जाडीचे असेल तर त्यातून साधारणतः १ सेंटिमीटर पाणी मिळते. मात्र अनेक आठवडे साचून, दबून, दाट झालेल्या हिमाच्या तेवढ्याच जाडीतून ३ ते ४ सेंटिमीटर पाणी मिळू शकते. म्हणून केवळ हिमाची उंची पाहून अंदाज बांधता येत नाही, हिमाचा दाटपणाही पाहावा लागतो. एका हेक्टरवरील १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १ लाख लिटर. हिमात ५ सेंटिमीटर पाणी साठलेले असेल आणि त्यावर ५ सेंटिमीटर पाऊस झाला, तर प्रत्येक हेक्टरवरून १० लाख लिटर पाणी वाट शोधू लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे गोठलेली जमीन. ओली जमीन गोठली की मातीच्या कणांमधील पोकळ्या बर्फाने भरतात आणि पाणी मुरण्याची वाट बंद होते. अशी जमीन सिमेंटच्या ओट्यासारखी वागते. २०१९ चा फेब्रुवारी नेब्रास्कात नेहमीपेक्षा फार थंड आणि हिमाच्छादित होता. त्यामुळे मार्चच्या मध्यास जमीन गोठलेलीच होती. महाराष्ट्रातील वाचकांना याचे साधर्म्य सहज जाणवेल. आधीच्या पावसाने जमीन पूर्ण भिजलेली असताना पुढचा मुसळधार पाऊस मुरत नाही, थेट नदीकडे धावतो. तेथे पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, येथे बर्फाने. परिणाम मात्र सारखाच होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दमट, उबदार वारा. हिम वितळविण्याचे काम पाऊस करतो, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब केल्यास चित्र वेगळे दिसते. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. १० अंश सेल्सिअस तापमानाचा १ ग्रॅम पाऊस शून्य अंशापर्यंत थंड होताना केवळ १० कॅलरी देतो. म्हणजे ८ मिलिमीटर पावसाच्या उष्णतेने जेमतेम १ मिलिमीटर पाण्याएवढे हिम वितळते. याउलट, दमट हवेतील १ ग्रॅम बाष्पाचे हिमाच्या थंड पृष्ठभागावर संघनन झाले की सुमारे ६०० कॅलरी उष्णता मुक्त होते. तेवढ्यात सात ग्रॅमांहून अधिक बर्फ वितळते. त्यामुळे स्वच्छ ऊन असलेल्या, कोरड्या व थंड रात्रीच्या दिवसांपेक्षा ढगाळ, दमट, वाऱ्याची आणि रात्रीही उबदार राहणारी हवा अधिक धोकादायक असते. पाऊस स्वतःचे पाणी देतो, पण हिमाचे पाणी मोकळे करण्यात वाऱ्याचा वाटा मोठा असतो.

चौथी गोष्ट म्हणजे नदीवरील बर्फाचा थर. पाण्याची पातळी वाढू लागली की हा थर उचलला जातो, तडकतो आणि त्याच्या लाद्या वाहू लागतात. नदीचे वळण, पुलाचे खांब, उथळ वाळूचे पट्टे किंवा दोन नद्यांचा संगम अशा ठिकाणी प्रवाह मंदावतो आणि लाद्या एकमेकींवर चढून बर्फाचा तुंबारा तयार होतो. त्याच्या मागे पाणी काही तासांत, कधी काही मिनिटांत, चढते. तुंबारा फुटला की हेच पाणी भिंतीसारखे खाली धावते. म्हणूनच संगमावर किंवा पुलाजवळ वसलेल्या छोट्या गावांना असा पूर सर्वाधिक बाधतो. मोठ्या शहरांच्या तुलनेत तेथे नदीमापक यंत्रणा विरळ असते आणि पर्यायी रस्तेही मोजकेच असतात.

या चारही गोष्टी काही दिवस आधी दिसू लागतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हिमाचा दाटपणा, जमिनीचा कठीणपणा, नदीवरील बर्फ आणि हवामानाचा अंदाज यांची एकत्र नोंद ठेवल्यास धोका आधीच ओळखता येतो.

हिमाचे पांघरूण आणि सुप्त किडी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जमिनीतील किडींचे काय होते?

हिम थंड असते, पण ते उष्णतेचे दुर्वाहक असते. त्यात अडकलेली हवा लोकरीच्या पांघरुणासारखी काम करते. हवेचे तापमान शून्याखाली २० अंश असले तरी जाड हिमाखाली जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान शून्याच्या थोडेच खाली राहू शकते. या आश्रयाखाली अनेक कीटक अंडी, अळी, कोष किंवा प्रौढ अशा कोणत्या ना कोणत्या अवस्थेत हिवाळा काढतात. या काळात बहुतेकांची शारीरिक वाढ थांबलेली असते. या अवस्थेस सुप्तावस्था म्हणतात. काही कीटकांच्या शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये वाढतात आणि त्यामुळे शरीरातील द्रव सहजी गोठत नाही.

हिम अकाली वितळले की हे पांघरूण निघून जाते. त्यानंतर थंडी परतली तर उघड्या पडलेल्या कीटकांपैकी काही मरतात. पालापाचोळ्यात आणि मातीच्या अगदी वरच्या थरात राहणाऱ्या प्रजातींना याचा फटका अधिक बसतो. मात्र हा परिणाम शेताशेतांत बदलतो. बांधावरील दाट गवत, झाडाखालचा पाला, मातीतील खोल थर अशा जागी पुरेसे कीटक तग धरून राहतात. केवळ या मृत्यूंच्या भरवशावर कीड नियंत्रणाचे नियोजन करणे योग्य नाही.

थंड पाण्यात कीटक का तगतात?

पाण्याखाली गेलेला कीटक मुख्यतः प्राणवायूच्या अभावाने मरतो. तो किती लवकर मरेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : त्याला प्राणवायू किती लागतो आणि पाण्यात तो किती उपलब्ध आहे. थंडीत या दोन्ही गोष्टी कीटकाच्या बाजूने असतात. तापमान कमी असल्याने त्याचा श्वसनाचा वेग मंद असतो, सुप्तावस्थेत तर तो फारच मंद असतो. शिवाय थंड पाण्यात गरम पाण्यापेक्षा अधिक प्राणवायू विरघळतो आणि मातीतील जिवाणूही मंदावलेले असल्याने तो लवकर संपत नाही. त्यामुळे उन्हाळी किंवा पावसाळी पुरात जी कीड काही दिवसांत गुदमरते, ती हिवाळी पुरात त्याहून बराच अधिक काळ तग धरू शकते. तारेसारख्या कडक अंगाच्या वायरवर्म अळ्यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. शेतात पाणी साठवून त्यांचे नियंत्रण करण्याची पद्धत उबदार हवेत परिणामकारक ठरते, थंडीत तिचा प्रभाव फार कमी असतो.

नेब्रास्कात मक्याची मुळे खाणारा भुंगेरा ही महत्त्वाची कीड आहे. ही कीड भारतात नाही, पण तिचे उदाहरण बोधप्रद आहे. तिची अंडी मक्याच्या शेतातील मातीत हिवाळा काढतात आणि मेअखेर ते जूनच्या आरंभी उबतात. मार्चमधील पूर आला तेव्हा कीड सुप्त अंड्यांच्या अवस्थेत होती, म्हणजे तिच्या आयुष्यातील सर्वाधिक सुरक्षित टप्प्यात होती. नुकत्याच उबलेल्या अळ्यांना चिबड जमीन मानवत नाही, पण तो काळ पुरानंतर दोन-अडीच महिन्यांनी येतो. ज्या शेतांत गाळामुळे मका पेरताच आला नाही, तेथे अळ्यांची उपासमार होते. याचे कारण या अळ्या जवळजवळ पूर्णतः मक्याच्या मुळांवर जगतात. म्हणजे तेथे कीड कमी झाली तरी त्याचे श्रेय पाण्याला न जाता खाद्याच्या अभावाला जाते. किडीची कोणती अवस्था पाण्याखाली गेली, हा प्रश्न पाणी किती दिवस होते या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

पुरानंतर येणारी कीड

काही किडी पुराच्या वेळी शेतात नसतातच. त्या नंतर येतात, आणि पुराने तयार केलेली परिस्थिती त्यांना सोयीची ठरते. रोपे कुरतडणारी काळी अळी, म्हणजेच ॲग्रोटिस इप्सिलॉन, ही त्यांपैकी प्रमुख होय. मध्य अमेरिकेत तिचे पतंग वसंत ऋतूत दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर येतात. ते अंडी घालण्यासाठी स्वच्छ नांगरलेली जमीन सहसा निवडत नाहीत. हिवाळी तणांनी हिरवी झालेली, ओलसर, सखल शेते त्यांना अधिक पसंत पडतात. एक मादी आपल्या आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. पुरानंतर वापसा लवकर येत नाही, मशागत लांबते, तणे माजतात. पुढे उशिरा पेरणी केली की पीक कोवळ्या रोपावस्थेत असते आणि अळ्या मात्र मोठ्या झालेल्या असतात. दिवसा मातीत दडणारी आणि रात्री रोप जमिनीलगत कापणारी ही अळी मग एका रात्रीत ओळीच्या ओळी आडव्या करते.

हीच कीड बिहारमधील मोकामा टाल परिसरातील शेतकऱ्यांना चांगली परिचित आहे. गंगेच्या दक्षिणेस असलेला सुमारे एक लाख हेक्टरांचा हा सखल प्रदेश पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरल्यावर तेथे मसूर, हरभरा, वाटाणा यांची पेरणी होते. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर पतंग अंडी घालतात आणि कोवळ्या डाळवर्गीय पिकाचे नुकसान होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच पुसा येथील कीटकशास्त्रज्ञांनी या प्रदेशातील या किडीचा अभ्यास केला होता. नेब्रास्कातील पूर मार्चचा आणि हिमाचा, मोकाम्यातील पूर पावसाळ्याचा. तरीही ओली, सखल, तणग्रस्त जमीन आणि लांबलेली पेरणी हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. महाराष्ट्रात नदीकाठच्या सखल काळ्या जमिनींत पुरानंतर हरभरा किंवा भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही हे सूत्र ध्यानात ठेवावे.

या अळीचा धोका केव्हा येईल, याचा अंदाज दिन-अंशांच्या साहाय्याने बांधता येतो. दिवसाच्या सरासरी तापमानातून १० अंश वजा केले असता त्या दिवसाचे दिन-अंश मिळतात. पतंगांचे मोठे आगमन झाल्यापासून सुमारे १६५ दिन-अंश पूर्ण झाले की अळ्या रोपे कापण्याएवढ्या मोठ्या होतात. सरासरी तापमान १८ अंश असेल तर दररोज ८ दिन-अंश जमा होतात, म्हणजे सुमारे २१ दिवसांत हा टप्पा गाठला जातो. कामगंध सापळ्यात पतंग मोठ्या संख्येने येऊ लागल्याची तारीख लिहून ठेवली तर पाहणी कधी सुरू करावी, हे त्यावरून ठरविता येते.

गावातील रहिवाशांच्या दृष्टीने डासांचा विषयही महत्त्वाचा आहे. पूरमैदानात वाढणाऱ्या काही एडिस प्रजाती आपली अंडी पाण्यात न घालता ओलसर मातीत घालतात. ती कोरड्या अवस्थेत दीर्घकाळ टिकतात. मार्चच्या थंड पाण्याने ती लगेच उबत नाहीत, पण खळग्यांत पाणी साचून राहिले आणि हवा उबदार झाली की डासांची मोठी पिढी एकदम बाहेर पडते. म्हणून पूर ओसरल्यावर उन्हाळा लागण्यापूर्वी साचलेल्या पाण्याचा निचरा करणे हे आरोग्यरक्षणाचे काम ठरते.

हिमालयीन राज्यांसाठी अन्वयार्थ

काश्मीर, हिमाचल प्रदेश, लडाख, उत्तराखंड आणि सिक्कीम येथील परिस्थिती नेब्रास्काच्या मैदानाहून भिन्न आहे. तेथे उतार तीव्र असल्याने पाणी खाली येण्यास वेळ कमी लागतो आणि पुरासोबत दरडी व हिमकडे कोसळण्याचा धोकाही असतो. मात्र हिवाळ्याच्या अखेरीस पश्चिमी विक्षोभाबरोबर उबदार, दमट हवा आली आणि मध्यम उंचीवर हिमाऐवजी पाऊस पडू लागला, तर हिमावरील पावसाचे वर सांगितलेले गणित तेथेही लागू होते. २०१५ च्या मार्चअखेरीस काश्मीरमध्ये झालेल्या मोठ्या पावसाने झेलम नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि बडगाम जिल्ह्यात दरड कोसळून जीवितहानी झाली. मार्च हा काश्मीरमध्ये हिवाळ्यातून बाहेर पडण्याचा महिना आहे, पुराच्या शक्यतेतून बाहेर पडण्याचा नव्हे.

सफरचंदाच्या बागांमध्ये किडींचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. सॅन होझे खवले कीड सालीवर हिवाळा काढते, तांबड्या कोळ्याची अंडी फांद्यांवर असतात. जमिनीवरून गेलेल्या पुराचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. उलट अकाली उबेमुळे कळ्या लवकर फुगू लागतात आणि सुप्तावस्थेतील तेलाच्या फवारणीची योग्य वेळ नेहमीच्या तारखेआधीच येते व निघूनही जाते. पुराच्या धावपळीत ही फवारणी राहिली तर संपूर्ण हंगामभर त्याची किंमत मोजावी लागते. त्यामुळे दिनदर्शिकेवरील तारखेपेक्षा कळीची अवस्था पाहून फवारणीचा निर्णय घ्यावा. खोडाभोवती पाणी साचू दिल्यास बुंधासड होण्याची शक्यता असते, म्हणून निचऱ्याचे चर प्रथम मोकळे करावेत.

साठवलेले धान्य

२०१९ च्या पुरात नेब्रास्का व शेजारच्या आयोवा राज्यात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या पाण्यात सापडल्या. भिजलेले सोयाबीन फुगून कोठ्यांचे पत्रे फाटले आणि धान्याचे ढीग पाण्यात पसरले. तेथील अन्नसुरक्षा नियमांनुसार पुराच्या पाण्याने भिजलेले धान्य दूषित मानले जाते व ते नष्ट करावे लागते. पाण्याच्या रेषेच्या वरील कोरडे धान्य मात्र वरच्या बाजूने काळजीपूर्वक काढून वाचविता येते.

आपल्याकडेही हाच नियम पाळणे हिताचे आहे. खालून धान्य काढू गेल्यास ओले व कोरडे मिसळते. साठवणुकीतील सोंडे व तांबडे भुंगेरे यांची वाढ साधारणतः १५ अंशांखाली जवळजवळ थांबते. त्यामुळे थंडीत ओलावलेल्या धान्यात कीड दिसत नाही आणि शेतकरी निर्धास्त होतो. तापमान वाढताच त्याच धान्यात बुरशी व कीड दोन्ही वेगाने वाढतात. वाचविलेले धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच पुन्हा साठवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिक्रम

हिमवितळीपूर्वी :

१. हिमाची जाडी व दाटपणा दर आठवड्यास नोंदवावा. हिमाचे दाणे जाड साखरेसारखे व ओलसर झाले असतील तर ते पाणी सोडण्याच्या बेतात आहे, असे समजावे.

२. लोखंडी पहार मातीत शिरते का, हे उघड्या जागी पाहावे. जमीन गोठलेली असेल तर पाणी मुरणार नाही, हे गृहीत धरावे.

३. दमट वारा, पाऊस आणि रात्रीही शून्यावर राहणारे तापमान यांचा एकत्र अंदाज आल्यास जनावरे, बियाणे, मधमाश्यांच्या पेट्या, कीटकनाशके व खते तातडीने उंच जागी हलवावीत. पाण्यात गेलेली कीटकनाशके गावाच्या विहिरी दूषित करतात.

४. नदीवर बर्फ असेल तर पुलाजवळ किंवा काठावर पाहण्यासाठी थांबू नये. तुंबारा फुटण्याची वेळ सांगता येत नाही.

पाणी ओसरल्यानंतर :

१. वापसा येण्यापूर्वी जमिनीत यंत्रे घालू नयेत. जमीन दबल्यास निचरा आणखी बिघडतो.

२. वाळू व गाळ किती जाडीचा साचला, हे मोजून त्यानुसार मशागत ठरवावी. पातळ थर मातीत मिसळता येतो, जाड थर काढावाच लागतो.

३. शेत एक हंगाम पडीक राहणार असेल तर आच्छादन पीक घ्यावे. दीर्घकाळ पाण्याखाली व पिकाविना राहिलेल्या जमिनीत मायकोरायझा बुरशीचे प्रमाण घटते आणि पुढील मक्याच्या पिकात स्फुरदाची कमतरता दिसते. १९९३ च्या मिसिसिपी खोऱ्यातील महापुरानंतर हा अनुभव ठळकपणे नोंदला गेला.

४. पेरणीपूर्वी दोन ते तीन आठवडे तणांचा बंदोबस्त करावा, म्हणजे अळ्यांना खाद्य राहत नाही. पेरणीच्या तोंडावर तणे काढल्यास त्यांवरील भुकेल्या अळ्या थेट नव्या रोपांकडे वळतात.

५. उगवणीनंतर आठवड्यातून दोनदा पहाटे पाहणी करावी. कापलेल्या रोपाभोवतीची माती उकरून अळी प्रत्यक्ष पाहावी. संध्याकाळी गवताचे लहान ढीग शेतात ठेवून सकाळी त्याखाली जमलेल्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. प्रादुर्भाव वाढत असेल तरच त्या पिकासाठी शिफारस केलेल्या कीटकनाशकाचा वापर करावा.

६. पूर आलेल्या आणि न आलेल्या शेतांतील मातीचे नमुने एकाच खोलीवरून घेऊन त्यांतील अळ्या, कोष व भुंगेरे मोजावेत. "किडी मेल्या का?" या प्रश्नाचे त्या गावापुरते खरे उत्तर अशा मोजणीतूनच मिळते.

समारोप

नायब्रॅरा गाव नदीच्या भयाने दोनदा हलले. शेत मात्र हलविता येत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या हाती उरतात ती दोन साधने : पुरापूर्वीची नोंद आणि पुरानंतरची पाहणी. हिम, जमीन, वारा आणि नदीवरील बर्फ यांकडे एकत्रितपणे पाहिल्यास पूर येण्याआधी काही दिवसांची सवड मिळू शकते. आणि पाणी ओसरल्यावर, पुराने आपले काम करून ठेवले असेल असे न मानता, एक कुदळ घेऊन स्वतःच्या शेतातील माती उकरून पाहिल्यास पुढच्या हंगामाचे नुकसान टळू शकते. थंड पाणी किडींना मारीत नाही, बहुतेक वेळा ते त्यांना झोपेतच राहू देते. त्या जागे होण्यापूर्वी आपण शेतात पोहोचणे आवश्यक आहे.